कुत्रा असलेल्या घरात एअर फ्रेशनर हवाच कशाला?

घरात कुत्रा असताना एअर फ्रेशनर वापरावा का, यावर कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये होणारा वाद ऐकला की वाटते, दोन्ही बाजूंना जिंकायचे आहे, पण कुत्र्याचा विचार करायला कुणालाच सवड नाही. एक बाजू ठामपणे सांगते की ही वस्तू म्हणजे विष, सॉकेटमध्ये लावलेली ती इवलीशी कुपी तुमच्या कुत्र्याला रोज थोडे थोडे मारते आहे. दुसरी तितक्याच ठामपणे म्हणते, आमच्याकडे वर्षानुवर्षे स्प्रे वापरतात आणि कुत्रा ठणठणीत आहे; पुरावा असेल तर दाखवा, नाहीतर लोकांना घाबरवणे बंद करा. पहिल्या बाजूचे म्हणणे पुराव्याच्या फार पुढे धावते. दुसरी बाजू पुरावा नाही यालाच निर्धोकपणाचे प्रमाणपत्र समजते. 'विष आहे की नाही' या एकाच प्रश्नाभोवती दोघे फिरत राहतात, आणि माझ्या मते तो प्रश्नच चुकीचा आहे.

माझी भूमिका आधीच स्पष्ट करतो. कुत्रा राहतो त्या घरात सतत वास सोडत राहणारी कोणतीही वस्तू नसावी: प्लग-इन, काड्यांचा डिफ्यूझर, जेलची डबी, ठरावीक वेळाने आपोआप फवारा मारणारे यंत्र, काहीही. ही वस्तू प्राणघातक असल्याचे सिद्ध झाले आहे, असे मी म्हणत नाही. तसे सिद्ध झालेले नाही. माझे कारण वेगळे आहे. सुगंधाची हौस माणसाची, त्याचा कुत्र्याला काडीचा उपयोग नाही. जो काही त्रास असेल तो मात्र त्याच्या वाट्याला, आणि त्या वासापासून दूर जाण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही. खिडकी तो उघडू शकत नाही, डोके दुखते हे सांगू शकत नाही. अशा वेळी सिद्ध कुणी करायचे? हौस करणाऱ्याने, की मुकाट्याने सोसणाऱ्याने?

ही भूमिका पटवून द्यायची तर तिच्या बाजूने दिले जाणारे कच्चे युक्तिवाद आधी टाकून द्यायला हवेत. १९९८ मध्ये फेब्रीझ हा कापडावर मारायचा स्प्रे अमेरिकेत सर्वत्र विकायला आला आणि थोड्याच काळात बातमी पसरली की त्यातल्या झिंक क्लोराइडमुळे कुत्री, मांजरे आणि पक्षी मरत आहेत. एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या विषबाधा केंद्राने त्याची दखल घेतली आणि सूचनांप्रमाणे वापरल्यास पाळीव प्राण्यांच्या घरात तो स्प्रे सुरक्षित असल्याचे जाहीर केले. अफवा तरीही पुढे कितीतरी वर्षे फिरत राहिली. अशा अफवेने कंपनीचे जे नुकसान व्हायचे ते होवो. मला जास्त चिंता वाटते ती कुत्र्यांच्या नुकसानीची. एकदा खोटी हाकाटी ऐकून फसलेला माणूस पुढे खऱ्या सूचनेकडेही कान देत नाही. 'हेही तसेच असणार' म्हणून तो मोकळा होतो.

दुसरा कच्चा युक्तिवाद नाकाचा. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार १० ते ३० कोटी. वास ओळखणारी कार्यरत जनुके माणसात सुमारे ४००, कुत्र्यात ८०० च्या आसपास. यावरून लोक सरळ गुणाकार करतात: आपल्याला जो वास मंद वाटतो तो कुत्र्याला दहा हजार पट असह्य होत असणार. हा हिशेब चुकतो. अतिशय कमी प्रमाणातला वास ओळखता येणे वेगळे आणि प्रत्येक वास त्याच पटीने तीव्र जाणवणे वेगळे. माणसाचे नाक निकामी ही समजूतसुद्धा एकोणिसाव्या शतकातली दंतकथा आहे, असे जॉन मॅकगॅन यांनी २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात सविस्तर मांडले; काही रसायनांच्या बाबतीत आपले नाक कुत्र्याच्या बरोबरीने किंवा त्याहून सरस ठरते. शिवाय पोलिसांची कुत्री अत्तर, साबण, इंधन अशा वासांच्या कल्लोळात नेमके हवे ते हुंगून काढतात. आणि मुळात विषारीपणाचा वासाशी संबंध असलाच पाहिजे असे नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. तेव्हा 'कुत्र्याचे नाक तिखट, म्हणून फ्रेशनर विषारी' हे वाक्य आपल्या बाजूचे असले तरी सोडून द्यावे.

तिसरी गोष्ट, मांजरांसाठी दिलेले इशारे जसेच्या तसे कुत्र्यांना लावले जातात. फिनॉलसारखी रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाशी जोडते. मांजरात ही यंत्रणा फार दुबळी असते, कुत्र्यात ती बऱ्यापैकी चालते. त्यामुळे मांजराला जे झेपत नाही ते कुत्र्याला झेपू शकते. तैवानमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरातल्या हवेतले सूक्ष्म कण आणि पाळीव प्राण्यांचे श्वसनविकार यांची सांगड तपासली गेली. मांजरांत संबंध दिसला. कुत्र्यांत स्पष्ट फरक आढळला नाही. विरुद्ध बाजूने हा अभ्यास पुढे केला तर ते रास्तच आहे. एअर फ्रेशनरमुळे कुत्र्याला अमुक आजार होतो, असे बोट ठेवून दाखवावे इतका थेट पुरावा आज हातात नाही.

मग उरते काय? उरते ते बरेच आहे, आणि त्याची सुरुवात बाटलीपासून होते. अ‍ॅन स्टाइनमन या अभ्यासिकेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एअर फ्रेशनर, कपड्यांचे साबण, सफाईची द्रावणे अशी २५ सुगंधी उत्पादने तपासली. त्यांतून हवेत उडून जाणारी १३३ वेगवेगळी सेंद्रिय संयुगे सापडली, एका उत्पादनामागे सरासरी १७. त्यांपैकी २४ संयुगे अमेरिकेच्या कुठल्या ना कुठल्या संघीय कायद्यात विषारी किंवा घातक म्हणून नोंदलेली होती, आणि प्रत्येक उत्पादनातून त्यांतले निदान एक तरी बाहेर पडत होते. वेष्टनावर यातले जवळजवळ काहीच लिहिलेले नव्हते. 'हरित' म्हणून विकली जाणारी उत्पादने या बाबतीत इतरांहून फारशी वेगळी निघाली नाहीत. त्याआधी २००७ मध्ये एनआरडीसी या अमेरिकी संस्थेने १४ एअर फ्रेशनर तपासले तेव्हा १२ मध्ये थॅलेट (सुगंध टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन) सापडले होते, आणि त्यांत 'संपूर्ण नैसर्गिक' असे लिहिलेलेही होते. हे आकडे कुत्रा आजारी पडतो हे दाखवत नाहीत, याची मला जाणीव आहे. पण हवेत नेमके काय सोडले जाते ते ग्राहकाला कळत नाही, हे ते निर्विवाद दाखवतात. ज्या वस्तूत काय आहे तेच ठाऊक नाही ती सुरक्षित असल्याची ग्वाही आपण कशाच्या आधारावर देतो?

बाटलीतून जे निघते तेवढ्यावर गोष्ट थांबतही नाही. लिंबाच्या किंवा संत्र्याच्या वासासाठी वापरले जाणारे लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावते आणि त्यातून फॉर्माल्डिहाइड व अतिसूक्ष्म कण तयार होतात. पाइनच्या वासातल्या पायनीनचेही तसेच. म्हणजे बाटलीत फॉर्माल्डिहाइडचा थेंबही नसला तरी खोलीत ते थोडे का होईना तयार होऊ शकते. फॉर्माल्डिहाइड नाकाघशाचा दाह करते, आणि २००४ मध्ये कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण असलेल्या गटात टाकले. लिमोनीन रसायनशाळेत तयार केले की संत्र्याच्या सालीतून काढले, याने ओझोनला काही फरक पडत नाही, रेणू तोच. स्प्रेबद्दल माणसांवरचा अभ्यासही उपलब्ध आहे: युरोपातल्या १० देशांतल्या साडेतीन हजार माणसांच्या पाहणीत, आठवड्यातून निदान एकदा घरगुती स्प्रे वापरणाऱ्यांत दम्याची लक्षणे जास्त आढळली (२००७), आणि त्या स्प्रेंमध्ये हवा सुगंधी करणारे स्प्रेही होते. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. तरी माणसाच्या श्वासनलिकेबाबत जी शंका घ्यायला आपण तयार असतो ती त्याच खोलीत झोपलेल्या कुत्र्याच्या श्वासनलिकेबाबत का घेऊ नये?

इथे विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा येतो: मात्रा. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगून ठेवले की प्रत्येक पदार्थ विष आहे, विष ठरते ते मात्रेवरून. फ्रेशनरमधून हवेत मिसळणारी मात्रा अतिशय सूक्ष्म असते, हे खरेच आहे. मला हा मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच तो शेवटपर्यंत नेऊन पाहावा असे वाटते. मात्रा कुणाची मोजायची? साठ किलोचा माणूस सकाळी घराबाहेर पडतो, संध्याकाळी परततो, वास फार झाला तर पंखा लावतो, कुपी बंद करतो. पाच किलोचे पॉमेरेनियन दिवसाचे बहुतेक तास त्याच दोन खोल्यांत असते आणि त्यातला अर्धाअधिक वेळ जमिनीलगत झोपलेले असते. फवाऱ्याचे थेंब खाली बसतात ते फरशीवर, सतरंजीवर, त्याच्या अंथरुणावर आणि त्याच्या अंगावर. मग तो अंग चाटतो, पंजे चाटतो. म्हणजे माणसाच्या बाबतीत जे फक्त श्वासातून जाते ते कुत्र्याच्या बाबतीत पोटातूनही जाते. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मालकांच्या मनगटावर सिलिकॉनचे पट्टे आणि त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात सिलिकॉनचे बिल्ले बांधून पाहिले. घरात वावरणारी रसायने दोघांवरही जमा झाली होती आणि त्यांचे नमुने बरेचसे जुळत होते. घरातल्या हवेत आपण एकमेकांचे वाटेकरी आहोत, फक्त वाटा सारखा नाही.

त्यात सगळी कुत्री सारखी नसतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या जाती आधीच अरुंद श्वासमार्गातून कसाबसा श्वास घेतात. छोट्या जातींत श्वासनलिकेच्या कड्या ढिल्या पडून ती चपटी होण्याचा विकार वारंवार दिसतो. बदकाच्या आवाजासारखा खोकला ही त्याची ओळख. म्हाताऱ्या कुत्र्यांत जुनाट ब्राँकायटिस असतो. या रुग्णांच्या मालकांना पशुवैद्य धूर, स्प्रे, उग्र वास टाळायला सांगतात, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. मात्र निदान होण्याआधी हीच कुत्री 'ठणठणीत' या सदरात मोडत होती, हे आपण विसरतो. 'आमच्या कुत्र्याला काही होत नाही' हे वाक्य उच्चारताना आपण नेमके काय पाहिलेले असते? सकाळच्या चार-दोन शिंका, डोळे चोळणे, दुसऱ्या खोलीत जाऊन झोपणे, यांची नोंद कोण ठेवते?

पुरावा नाही म्हणजे धोका नाही, ही विचारसरणी नवी नाही. १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिसे मिसळायला सुरुवात झाली तेव्हा डॉक्टरांनी शंका काढल्या होत्या. उद्योगाच्या बाजूने विषशास्त्रज्ञ रॉबर्ट केहो यांनी मांडलेली भूमिका अशी की आधी अपाय दाखवा, मग थांबवू. अपाय दाखवण्याची साधने आणि पैसा बहुतांशी उद्योगाच्याच हातात होता, त्यामुळे हे 'दाखवणे' चाळीस वर्षे लांबले. मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री थांबली २०२१ मध्ये. एअर फ्रेशनर म्हणजे शिसे, असे मी मुळीच म्हणत नाही; अपायाच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. साम्य आहे ते युक्तिवादात. शिवाय शिशाने निदान इंजिनचा ठोका तरी थांबत होता. फ्रेशनर न लावल्याने कुणाचे काय अडते?

तंबाखूच्या धुराचे उदाहरण या विषयाच्या जास्त जवळचे आहे. कोलोरॅडोतले जॉन राइफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या घरातल्या कुत्र्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण तपासले. संबंध दुबळा निघाला, ठाम काही म्हणावे इतका नव्हता. तिथेच थांबले असते तर 'कुत्र्यांना परक्या धुराचा त्रास नाही' असा निष्कर्ष रूढ झाला असता. १९९८ मध्ये त्याच गटाने नाकाचा कर्करोग तपासला, आणि लांब नाकाच्या जातींत धुराच्या घरात धोका वाढलेला दिसला. लांब नाक हे चांगले गाळणे आहे. जे फुप्फुसापर्यंत पोचत नाही ते नाकातच अडकते. माणसाच्या आजारावरून अंदाज बांधून फुप्फुसाकडे पाहणाऱ्यांना आधी थोडेच दिसले, कारण कुत्र्याचे शरीर वेगळ्या जागी किंमत मोजत होते. फ्रेशनरबाबत तर अजून नीट शोधच घेतलेला नाही. न शोधता 'सापडले नाही' म्हणणे हा कसला पुरावा?

या वादात तिसरा एक पक्ष असतो. तो म्हणतो, रासायनिक सुगंध नकोतच, आम्ही शुद्ध वनस्पतींची तेले वापरतो. हा पक्ष मला पहिल्या दोघांपेक्षा जास्त काळजीत टाकतो, कारण तो निश्चिंत असतो. पेनीरॉयल ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती. पिसवा जाव्यात म्हणून एका कुत्र्याच्या अंगाला तिचे तेल चोळले गेले, त्याच्या यकृताचा नाश झाला आणि दीड दिवसाच्या आत ते मेले. १९९२ मध्ये पशुवैद्यकीय नियतकालिकात या घटनेची नोंद झाली. टी ट्री तेलाच्या विषबाधेची अमेरिकेत दहा वर्षांत नोंदलेली कुत्र्या-मांजरांची ४४३ प्रकरणे २०१४ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाली, त्यांत बहुसंख्य कुत्री होती: लाळ गळणे, सुस्ती, तोल जाणे, पायांतली शक्ती जाणे, थरथर. ही सगळी उदाहरणे तेल अंगाला लागण्याची किंवा पोटात जाण्याची आहेत. खोलीत डिफ्यूझर लावण्याशी त्यांची थेट बरोबरी करता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' या समजुतीचा निकाल लावायला ती पुरेशी आहेत. आणि डिफ्यूझर असलेल्या घरात तेलाची बाटलीही असतेच, बऱ्याचदा कुत्र्याचे तोंड पोचेल अशा उंचीवर.

तेलांच्या समर्थकांकडे एक चांगला मुद्दा मात्र आहे. २००५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी निवारा केंद्रातल्या कुत्र्यांना वेगवेगळे वास देऊन पाहिले. लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या वासात कुत्री जास्त वेळ शांत पडून राहिली, भुंकणे कमी झाले. म्हणजे सुगंध कुत्र्याचे भलेही करू शकतो. पण त्याच प्रयोगात रोझमेरी आणि पेपरमिंटच्या वासात कुत्री जास्त हालचाल करू लागली, जास्त भुंकली. यातून निघते ते एवढेच की वास कुत्र्याच्या मनःस्थितीवर काम करतो, त्याला शांत करतो किंवा चाळवतो. जी गोष्ट मनःस्थिती बदलते ती औषधासारखी द्यावी लागते: कारण पाहून, ठरावीक वेळ, परिणाम बघत. दिवाणखाना छान वाटावा म्हणून चोवीस तास चालू ठेवलेली कुपी या वर्णनात कुठे बसते?

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, जो या वादात मला क्वचितच ऐकू येतो. कुत्र्याच्या घरातला वास म्हणजे कुत्र्याची तब्येत. कानातून आंबूस, यीस्टसारखा वास आला की आत मलासेझिया बुरशी वाढलेली असू शकते. तोंडाची दुर्गंधी बहुतेक वेळा हिरड्यांचा आजार सांगते, आणि कुत्र्यांत तो अतिशय सर्रास आढळतो. श्वासाला अमोनियासारखा वास येणे मूत्रपिंडे थकल्याची खूण असू शकते, गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मधुमेह चिघळल्याची. माशासारखा उग्र वास शेपटीखालच्या ग्रंथी तुंबल्याचा. घरात शिकवलेला कुत्रा अचानक कोपऱ्यात मुतू लागला तर मूत्राशयाचा संसर्ग, मधुमेह, कुशिंग (कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढल्याने होणारा आजार), म्हातारपणातला विसराळूपणा अशी कितीतरी कारणे निघतात. कुत्र्याला तक्रार सांगायला शब्द नाहीत. त्याच्या शरीराने पाठवलेली पहिली चिठ्ठी बऱ्याचदा वासाचीच असते. फ्रेशनर ती चिठ्ठी आपल्यापर्यंत पोचू देत नाही. 'घरात हल्ली वास येतो' म्हणून जो माणूस डॉक्टरांकडे गेला असता तो दुकानात जातो, आणि आजाराला आणखी काही महिने मिळतात. हा अपाय कुठल्याही रसायनाच्या तपासणीत दिसणार नाही, पण रसायने निर्दोष ठरली तरीही तो उरेलच.

शिवाय वास झाकला जातो तो फक्त आपल्यापुरता. फरशीच्या सांध्यात मुरलेले मूत्र कुत्र्याला फ्रेशनरच्या वासाखालूनही कळते, आणि तो पुन्हा तिथेच जातो. आपण कुपी वाढवतो. त्यातच माणसाचे नाक सतत येणाऱ्या वासाला लवकर सरावते. पंधरा दिवसांपूर्वी भरपूर वाटणारा सुगंध आता जाणवत नाही म्हणून यंत्राचा काटा वरच्या आकड्यावर जातो. कुत्र्याच्या दृष्टीने घर म्हणजे माणसांचे, अंथरुणाचे, कालच्या पाहुण्याचे, स्वतःचे वास. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या प्रयोगांत (२०१७) कुत्री स्वतःच्या मूत्राच्या वासात केलेला बदल ओळखून तो नमुना जास्त वेळ हुंगत राहिली. २०१९ मध्ये शार्लोट द्युराँतो यांच्यासोबत केलेल्या अभ्यासात, रोज हुंगण्याचे खेळ खेळलेली कुत्री नव्या परिस्थितीकडे जास्त आशेने पाहताना दिसली. हुंगणे हा कुत्र्याच्या सुखाचा भाग आहे, एवढे तरी यावरून म्हणता येते. मग त्याच्या राहत्या घरावर चोवीस तास एकच वास पसरून ठेवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीची दुर्गंधी इतकी वाढली की संसदेचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या (ब्लीचिंग पावडरच्या) द्रावणात भिजवून टांगले गेले. दुर्गंधीनेच रोग होतात, असे तेव्हाचे बहुतेक जाणकार मानत होते, आणि तो सिद्धान्त चुकीचा होता. पण पडदे भिजवून भागत नाही म्हटल्यावर संसदेने पैसा मंजूर केला, अभियंते जोसेफ बॅझलजेट यांनी भुयारी गटारे बांधली आणि मैला शहराबाहेर नेला. १८६६ ची कॉलराची साथ लंडनमध्ये मुख्यतः पूर्व भागात पसरली, जिथे गटारांचे काम अजून पुरे झाले नव्हते. त्यांना रोगाचे कारण कळलेले नव्हते, पण वासाचे मूळ उचलले म्हणून जीव वाचले. घरातल्या कुत्र्याच्या वासाबाबत आपण अजून पडदेच भिजवत बसलो आहोत.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत अवघड आक्षेप रसायनशास्त्रातला नाही, संसारातला आहे. घरात फक्त कुत्रा राहत नाही. कुणाला वासाने मळमळते, घरमालक तक्रार करतो, पाहुणे नाक मुरडतात. सुगंध बंद केला आणि त्यापायी कुत्र्याची रवानगी गॅलरीत झाली, किंवा त्याला कुणाला देऊन टाकले, तर कुत्र्याचे काय भले झाले? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण असे घडते. म्हणून फ्रेशनर काढा एवढेच सांगून भागणार नाही, वासाचे मूळ कसे काढायचे तेही सांगायला हवे. मूत्र सांडल्यावर आधी ते टिपून घ्यावे आणि मग एन्झाइम असलेले क्लीनर पुरेसा वेळ मुरू द्यावे; लगेच पुसले तर ते निरुपयोगी. मूत्रावर ब्लीच ओतू नये, अमोनियाशी संयोग होऊन त्रासदायक क्लोरामीन वायू तयार होतात. अंथरुणाची खोळ दर आठवड्याला बिनवासाच्या साबणाने धुवावी. खिडक्या समोरासमोरच्या उघडाव्यात. हवा शुद्ध करणारे यंत्र घ्यायचे तर त्यात सक्रिय कोळशाचा थर असावा, कारण हेपा गाळणी कण अडवते, वास आणि वायू नाही. आणि ओझोन सोडणारे यंत्र अजिबात घेऊ नये. कान, दात, त्वचा आणि शेपटीखालच्या ग्रंथी डॉक्टरांकडून तपासून घ्याव्यात. एवढे केल्यावर बहुतेक घरांत झाकण्यासारखे फार काही उरत नाही. कधीमधी स्नानगृहात दार लावून, खिडकी उघडून एखादा फवारा मारला आणि तास-दोन तास कुत्र्याला तिथे जाऊ दिले नाही, तर त्यावर मी रान उठवणार नाही. माझा विरोध सततच्या, न थांबणाऱ्या वासाला आहे.

गिळण्याच्या धोक्याबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नाही, म्हणून थोडक्यात. डिफ्यूझरमधले तेल तोंडाची आग करते, काड्या आतड्यात अडकू शकतात, पाणी शोषून फुगणारे जेलचे मणी आतडे तुंबवू शकतात. नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. काही डांबरगोळ्यांत आणि स्वच्छतागृहातल्या वड्यांत असणाऱ्या पॅरा-डायक्लोरोबेंझीनवर युरोपीय संघाने २०१४ मध्ये एअर फ्रेशनर आणि स्वच्छतागृहातल्या वड्यांपुरती बंदी आणली, तीही कुत्र्यांसाठी नव्हे, माणसांसाठी. असे काही गिळले असेल तर घरी उलटी करवू नये. वेष्टन हातात घेऊन सरळ डॉक्टर गाठावा.

तेव्हा वाद घालायचाच तर तो वेष्टनावर घालू या. 'सुगंध' या एका शब्दाखाली डझनभर रसायने लपवण्याची मुभा का असावी? कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये केलेल्या कायद्याने सफाईच्या आणि हवा सुगंधी करणाऱ्या उत्पादनांतले घटक जाहीर करणे उत्पादकांना भाग पाडले. उद्योग बुडाला नाही. 'पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित' असे छापणाऱ्यांनी ती चाचणी किती दिवसांची होती, किती वजनाच्या कुत्र्यांवर होती, आणि त्यात दमेकरी, चपट्या नाकाची, म्हातारी कुत्री होती का, हेही छापावे. पशुवैद्यांकडूनही एक अपेक्षा आहे. खोकणारा कुत्रा समोर आला की लसीकरण आणि आहार विचारतात, तसे घरात काय दरवळते तेही विचारावे. मालकाने तीन आठवडे सगळे सुगंध बंद करून खोकला, शिंका, झोपायची जागा टिपून ठेवावी. खोकला कमी झाला तर उत्तर मिळाले. तसाच राहिला, तर यादीतले एक कारण बाजूला झाले आणि डॉक्टरांना एक्स-रेकडे, हृदयाकडे वळता येईल.